विहिरीतला सांबार

आमच्याकडे झाडपाल्याची ओळख दोनच कारणांनी होते. एक तर तो उपयोगी पडतो, नाही तर छळतो. कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन ही उपयोगाच्या रांगेतली मंडळी. त्यांच्या वाणांची नावं माणसं नातवंडांच्या मायेनं घेतात आणि पीक बुडालं की तितक्याच हक्कानं शिव्याही घालतात. दुसऱ्या रांगेत हराळी, कुंदा, लव्हाळा, तरोटा आणि गाजरगवत. यांची ओळख आणखी पक्की, कारण स्नेह्याला माणूस एक वेळ विसरेल, भाऊबंदकीतला वैरी मात्र अंधारातही चालीवरून ओळखू येतो. आमच्या फुलसावंगीच्या कुठल्याही शेतकऱ्याला धुऱ्यावर उभं करा. पायाखालच्या वीतभर जमिनीतली रोपटी तो नावगाव, खोडी आणि औषधाच्या मात्रेसकट सांगेल. पण जे खायचं नाही, विकायचं नाही, ज्याला ढोर तोंड लावत नाही, जे कुणाच्या पिकात शिरत नाही आणि जन्मात एकदाही फुलत नाही, त्याच्या वाट्याला आमच्या गावात नाव येत नाही. त्याला 'कचरा' म्हणतात. यात राग नसतो. सरकारी फॉर्मवर 'इतर' असा रकाना असतो, तसाच हा आमचा रकाना. नेचा त्या रकान्यात आज कित्येक पिढ्या मुकाट बसून आहे.

त्यात त्याचा मुलूखही आमचा नव्हे. नेचा म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते महाबळेश्वर, नाही तर आंबोली; धुक्यानं भिजलेले कडे, झिरपणाऱ्या कपारी, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो हजाराच्या आसपास पडतो, आणि तोही पाहुण्यासारखा, येईन म्हणून न येता आणि नको म्हणताना मुक्काम ठोकून. वऱ्हाडातल्या माणसाला नेच्यांचं दर्शन घ्यायचं तर त्यानं चिखलदरा गाठावा किंवा सरळ पचमढी. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारची ती उन्हाळी राजधानी होती. नागपूरचं ऊन चुकवायला साहेबलोक फायली आणि कुत्री घेऊन तिथं जात आणि पाऊस पडून गारवा आला की परतत. तिथल्या थंड घळींत झाडासारखं खोड असलेले मोठाले नेचे आजही उभे आहेत. सरकार आलं, आपले उन्हाळे काढून गेलं. नेच्यांनी मात्र कधी हिवाळ्यात नागपूरला यायची तसदी घेतली नाही.

पण ओला डोंगर आकाशाच्याच दिशेनं गेला पाहिजे असा काही नियम नाही. आमच्याकडे तो खाली जातो. जुनी बांधीव विहीर मला नेहमीच जमिनीत उलटा खुपसलेला डोंगर वाटत आली आहे. वर रखरखीत माथा, तिथं निवडुंग आणि ऊन. हातभर खाली उतरलं की गवत. आणखी खाली पिंपळाचं चुकार रोप. मग पारव्यांची घरटी, मग शेवाळ, आणि अगदी तळाशी ढग असावेत तसं पाणी. वरून खाली येताना जसजसा गारवा वाढतो, तसतसं आपण महाबळेश्वरच चढत असतो, फक्त तोंड दुसरीकडे असतं. आणि या डोंगरालाही उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू आहे. आमच्या अक्षांशावर वर्षातला बहुतेक काळ माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे ऊन पडतं ते उत्तरेकडच्या भिंतीवर. दक्षिणेची भिंत सावलीतच राहते. तिच्या दगडांच्या सांध्यांतला जुना चुना भिजून मऊ झालेला असतो, कुठून तरी पाझर येत असतो, आणि त्या सांध्यांत, भर वऱ्हाडात, बाहेर एप्रिलचा पारा चाळिशी ओलांडत असताना, सह्याद्रीच्या कपारीतलं एक नाजूक पाखरू बसल्यासारखा हिरवा झुपका हलत असतो.

लहानपणी तो झुपका आम्हा पोरांना ठाऊक होता, पण फक्त पकडायची वस्तू म्हणून. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलून दिलेल्या पोराला पोहणं दोन प्रकारे येतं: एक हातपाय मारून, आणि दुसरं भिंतीला जे हिरवं दिसेल ते घट्ट धरून. धरलेलं हिरवं दरवेळी हातात यायचं आणि आपण पुन्हा पाण्यात. काठावर बसलेली मोठी पोरं खदखदून हसायची. मुठीत उरायच्या काळ्याभोर, चकचकीत, केसाइतक्या बारीक काड्या, आणि त्यांना लटकलेली इवली इवली पानं. या पानांची तेव्हा एकच गोष्ट विचित्र वाटायची. आपण नखशिखांत भिजलेले, विहीर भिजलेली, भोपळा भिजलेला. पण मुठीतली ती पानं कोरडीच.

हा त्याचा खरा विनोद आहे, आणि तो फार जुना आहे. या नेच्याच्या पानाचा पृष्ठभाग असा की पाणी त्याच्यावर टेकतच नाही. थेंब येतो, पाऱ्यासारखा गोळा होतो आणि घरंगळून जातो. पानं पाण्यात बुडवली तर चंदेरी दिसतात आणि बाहेर काढली की जशीच्या तशी. प्राचीन ग्रीकांनी हे पाहिलं होतं आणि त्यांच्या भाषेत त्याचं नावच मुळी 'न भिजणारा' असं पडलं. तेच पुढं 'ॲडियँटम' म्हणून शास्त्रात कायम झालं. राहायचं कायम पाझराखाली, एक दिवस ओल तुटली तर माना टाकायच्या, आणि तरी पाण्याला अंगाला हात लावू द्यायचा नाही. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण आमच्याकडे मास्तर लोक पोरांना उद्देशून वापरतात. ती जिच्यावर बेतली असावी अशी वनस्पती शाळेमागच्या विहिरीतच होती, पण तिच्याकडे पाहायला मास्तरांना पोरांनी फुरसत दिली नाही.

पुढे शहरात शिकायला गेल्यावर वनस्पतिशास्त्राच्या सरांनी आम्हाला एक शिस्त लावली: नेच्याचं पान उलटून पाहिल्याशिवाय त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. फुलणाऱ्या झाडांचं सगळं समोर मांडलेलं असतं. फूल हा एक प्रकारचा जाहीरनामाच. रंग, वास, पाकळ्यांची संख्या, सगळं वाऱ्यावर फडकत असतं. नेचा समोरून काहीच कबूल करत नाही. समोरून तो फक्त हिरवा असतो. त्याचं कूळ, गोत्र, नातीगोती सगळी पानाच्या पोटाशी, बारीक तपकिरी ठिपक्यांत. या ठिपक्यांत बीजुकांच्या पिशव्या असतात. ठिपके गोल आहेत की लांबट, शिरांवर आहेत की काठाला, त्यांच्यावर पांघरूण आहे का, असेल तर मूत्रपिंडाच्या आकाराचं की पानाच्याच काठाचं, एवढ्यावर हे सगळं शास्त्र उभं आहे. भल्या माणसानं सहसा जिथं पाहू नये तिथंच पाहायला लावणारं हे शास्त्र. संकोची माणसाला पहिले काही दिवस अवघडल्यासारखंच होतं.

सुट्टीत गावी आलो तेव्हा भिंग खिशात होतं आणि अक्कल नुकतीच फुटलेली होती. विहिरीत उतरून मी त्या झुपक्यातलं एक पान हळूच उलटलं. पंख्यासारख्या आकाराची, पुढच्या कडेला कातरल्यासारखी छोटी पानं. आणि प्रत्येक कातऱ्याच्या टोकाशी कडेचा एक इवला तुकडा आत दुमडलेला. भिंगातून पाहिलं तर त्या दुमडीच्या आतल्या अंगाला तपकिरी दाणे. इथं या नेच्याची आणखी एक तऱ्हा आहे. त्याचे बाकीचे काही भाऊबंद दाणे पानावर ठेवतात आणि वर कडेचं पांघरूण ओढतात. विहिरींच्याच चुन्यात वाढणारा, लांब पट्ट्यांच्या पानांचा 'टेरिस व्हिटाटा' तसाच. (हा टेरिस जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो हे 2001 साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं, तेव्हा जगभर त्याचं नाव झालं. आमच्याकडच्या विहिरींना अजून कळवायचं आहे.) ॲडियँटम मात्र दाणे चिकटवतो ते थेट पांघरुणाला. गादी मोकळी आणि रजईलाच माणसं झोपलेली. हे एकदा दिसलं की मग जगात कुठंही हा नेचा भेटला तरी नमस्कार करायला अडचण पडत नाही.

मी हे पाहत असताना वरून शेजारच्या शेतातल्या दादांचा आवाज आला, "काय पाहून राहिला भाऊ?" मी एक पान वर दिलं. दादांनी ते घेतलं आणि मी काही बोलायच्या आत, सवयीनं, उलटलं. हे पाहून मला सरांची आठवण झाली. कापसाच्या माणसाला पान उलटायला शिकवावं लागत नाही. पांढरी माशी पानाखाली, मावा पानाखाली, तुडतुडे पानाखाली. उभ्या हंगामात तो दिवसातून शेकडो पानं उलटतो, आणि उलटताना त्याचा चेहरा पोस्टमननं तार आणल्यावर व्हायचा तसा होतो. दादांचाही झाला. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, काठाकाठानं बोट फिरवलं आणि निदान केलं, "तांबेरा आहे याच्यावर. काठानं धरला. आज फवारलं नाही, त आठ दिवसात सारी विहीर जाते."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की तो रोग नव्हे, तेच त्याचं बी, म्हणजे बी नव्हे, पण बियासारखंच. दादांनी ऐकून घेतलं. शहरात शिकणाऱ्या पोराचं ऐकून घ्यायची एक विशिष्ट पद्धत असते, मान हलते पण डोळे पिकावर असतात. मग त्यांनी विचारलं, "मंग फूल कवा येते याले?" येत नाही, मी म्हटलं. "फळ?" नाही. "ढोरं खातेत?" नाही. दादांनी पान मला परत दिलं, अगदी अदबीनं, जसं नोकरी नसलेल्या मुलाचं स्थळ परत करतात.

खरी ओळख पटवली ती मोठ्या काकूंनी. त्यांच्यापुढं मी झुपका ठेवला तेव्हा त्या तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी एक काडी उचलली, नाकाशी नेली, वास नाही म्हटल्यावर कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "हा त सांबारच दिसते रे बाबू. विहिरीत कोनं पेरला?" सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे पुण्याच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो, नाही तर ते इडली शोधत बसतील. काकूंचं म्हणणं मी हसून सोडून दिलं. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की अरबी हकीम या नेच्याला 'कुझबरत अल-बीर' म्हणत आले आहेत, विहिरीतली कोथिंबीर. ते वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. कुठं बगदाद-दमास्कसचे ते विद्वान, आणि कुठं महागाव तालुक्यातल्या आमच्या काकू, ज्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास पैनगंगा ओलांडून माहूरच्या रेणुकेपर्यंत. विहिरीत डोकावणाऱ्याला जे दिसायचं ते दोघांनाही सारखंच दिसलं. रोमन मंडळींना त्याच काळ्या काड्यांत सौंदर्यदेवीचे केस दिसले होते. पण त्यांच्या घरी बहुधा भाजी दुसरं कुणी तरी निवडत असावं.

काष्ठौषधीच्या दुकानात हाच नेचा हंसराज म्हणून मिळतो आणि युनानी हकीम त्याला परसियावशां म्हणतात. युरोपात त्याचं सरबत करून पीत असत. पण हंसराज हे एकट्याचं नाव नाही, ते घराण्याचं आहे, आणि खरी पंचाईत तिथं सुरू होते. पावसाळ्यात माहूरच्या वाटेवर, डोंगराच्या ओल्या दरडींवर जे हंसराज उगवतात ते विहिरीतल्यासारखे नसतात. त्यांची पानं एकाच दांडीला दोन्ही बाजूंनी अर्धचंद्रासारखी ओळीनं लावलेली, आणि दांडीचं टोक पुढं पुढं लांबत जाऊन जमिनीला टेकतं. टेकलं की तिथं मूळ फुटतं आणि नवं रोप. त्या रोपाचं टोक पुन्हा पुढं. असा हा हंसराज पावलं टाकत दरड चढतो. पायी वारीत निघालेल्या माणसासारखा, थकला की बसतो आणि बसला की संसार मांडतो. तिसरा एक भाऊ आहे, तोही चालतो, पण त्याच्या पानांवर बारीक लव असते आणि वरची कड खोल कातरलेली. म्हणजे दांडीला फाटे फुटत जाऊन पंखे लटकलेले असतील आणि टोक चालत नसेल तर विहिरीतला. अर्धचंद्र, गुळगुळीत आणि चालता असेल तर डोंगरातला. केसाळ आणि चालता असेल तर तिसरा. हे इतकं सोपं आहे की पहिल्या पावसात, हातात छत्री, खिशात भिंग आणि पायात निसरडी चप्पल असताना ते कधीही आठवत नाही.

डोंगरातल्या त्या अर्धचंद्रवाल्याची कागदपत्रंही पाहण्यासारखी आहेत. कित्येक वर्षं आपल्याकडच्या पुस्तकांत त्याचं नाव 'ॲडियँटम लुन्युलॅटम' असं छापलं जाई, म्हणजे चंद्रकोरीचा, आणि ते त्याला शोभतही असे. ही नोंद 1768 सालची. पण लिनियसनं 1753 सालीच त्याला 'फिलिपेन्स' म्हणून ठेवलेलं निघालं, फिलिपिन्सचा. वनस्पतिशास्त्राचा कायदा सातबाऱ्यासारखा आहे. शेत कोण कसतो, कुणाच्या घामानं पिकतं हे विचारत नाहीत, जुनी नोंद कुणाची ते पाहतात. फेरफार झाला आणि माहूरच्या दरडीवर जन्मलेला, रेणुकेच्या पायाशी चालत वाढलेला आमचा हंसराज कागदोपत्री परदेशी ठरला. त्यानं हरकत घेतलेली नाही.

मुंबई इलाख्यातल्या नेच्यांची नेटकी मोजदाद केली ती एथेलबर्ट ब्लाटर आणि डाल्मेडा यांनी. त्यांचं 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक 1922 साली निघालं. ब्लाटर हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट पाद्री, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवायचे. तिथला वनस्पतिसंग्रह अजून त्यांच्या नावानं आहे. ज्यांचं लग्न कधी कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही अशा वनस्पतींचा संसार एका ब्रह्मचारी धर्मगुरूनं इतक्या आस्थेनं लिहून काढावा, याचं मला फार अप्रूप आहे. त्याआधी 1850 च्या सुमारास इंग्लंडात नेच्यांचं असं वेड पसरलं होतं की बायामाणसं टोपल्या घेऊन डोंगरकपारी उपसत होती आणि या वेडाला चार्ल्स किंग्जली यांनी 1855 साली रोगाला द्यावं तसं नावही देऊन टाकलं, टेरिडोमेनिया. आणखी मागं गेलं तर युरोपातला खेडूत असं मानत असे की ज्या अर्थी नेचे उगवतात त्या अर्थी त्यांना बी असणारच, आणि ज्या अर्थी ते दिसत नाही त्या अर्थी ते अदृश्य आहे. सबब ते ज्याच्या खिशात पडेल तोही अदृश्य होईल. या तर्कशास्त्रात मला एकही भोक सापडत नाही. आमच्या गावात सावकार दारात येऊन उभा राहण्याच्या काळात हे बी मिळालं असतं तर कापसापेक्षा चढा भाव आला असता.

आपल्याकडे वनस्पती ओळखण्याचा सर्वांत मोठा पेच पडला तो हनुमंतावर. वैद्यानं सांगितलेली संजीवनी द्रोणागिरीवर नेमकी कुठली ते कळेना, तेव्हा त्यानं पर्वतच उचलून आणला. पोरपणी हे ऐकताना त्याच्या ताकदीचं कौतुक वाटायचं. आता त्याच्या शास्त्रीय दृष्टीचं वाटतं. नेचा गोळा करताना नुसतं पान खुडून आणू नये, दांडीचा बुंधा, त्यावरचे खवले, खोड, कोवळं पान, पिकलं पान सगळं असावं, शिवाय तो कशावर आणि किती ओलीत उगवला होता ते लिहून ठेवावं, असं सर सांगत. अधिवासासकट नमुना आणणारा हनुमंत हा पहिलाच. मोबाइलमधल्या अ‍ॅपला एकच धूसर फोटो दाखवून नाव मागणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्यापुढं दोन तेलाचे थेंब जास्त वाहायला हरकत नाही. अ‍ॅपनं मला परवा सांगितलं की विहिरीतली ती वनस्पती कोथिंबीर आहे. मला काकूंचा आवाज ऐकू आला.

आता त्या न दिसणाऱ्या लग्नाबद्दल. पानाच्या दुमडीतली एकेक पिशवी वाळली की गोफणीसारखी मागं ताणली जाते आणि सटकन सुटते. बीजुकं हवेत उडतात. त्यातलं एखादं ओल्या सांध्यात पडलं तर त्यातून नेचा उगवत नाही. उगवतो एक हिरवा, नखाहून लहान, बदामाच्या आकाराचा पापुद्रा. खरोखरच पत्त्यांतल्या बदामासारखा. तो कुणी लावत नाही, कुणाला दिसत नाही, दिसला तर शेवाळ वाटतो. नरमादी त्याच्याच पोटाशी. आणि नराला मादीपर्यंत पोहत जावं लागतं, पाण्याच्या कागदाहून पातळ थरातून. म्हणजे ज्याच्या पानाला आयुष्यभर पाणी शिवत नाही, त्याचं लग्न मात्र पाण्याशिवाय लागत नाही. नेचे हे करत आले त्याला 35 कोटींहून अधिक वर्षं झाली. आमची विहीर ज्या काळ्या दगडात खोदली आहे त्याचा लाव्हा वाहिला तो अलीकडे, साडेसहा कोटींच्या आसपास.

आणि विहिरीच्या अंधारात हा तग कसा धरतो, याचं उत्तर तर आणखी गोड आहे. याच विहिरीतल्या जातीत 1998 साली जपानी शास्त्रज्ञांना प्रकाश ओळखणारं एक खास प्रथिन सापडलं. मिणमिणत्या उजेडातही उजेड कुठल्या बाजूनं येतो ते त्यानं कळतं. ते त्याच्याकडे आलं कुठून याचा छडा 2014 साली लागला. शेवाळासारख्या दिसणाऱ्या एका बुटक्या वनस्पतीच्या कुळातून नेच्यांनी ते कोट्यवधी वर्षांपूर्वी उसनं उचललं. अजून परत केलेलं नाही. विहिरीत उतरल्यावर सगळी पानं एकाच बाजूला, वरच्या गोल आभाळाकडे तोंड करून बसलेली दिसतात ती त्या उसन्या डोळ्यामुळे. कोवळं पान तर उघडतानाच प्रश्नचिन्हासारखं वळलेलं असतं आणि उलगडत उलगडत सरळ होतं, जणू काही विचारायचं होतं आणि आता राहू दे म्हणतं.

एवढं सगळं असून आपल्याला नेचा ओळखता येत नाही, आणि तरी एका नेच्यानं आपल्याला रडवलेलं आहे. 2019 च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी आठवते? मँचेस्टर, जुलै महिना, गावातल्या टीव्हीपुढं पाय ठेवायला जागा नाही. जडेजा 77 करून गेला, धोनी धावबाद झाला आणि आपण 18 धावांनी हरलो. त्या दिवशी समोरच्या काळ्या शर्टांवर जे पांढरं पान होतं, ज्याच्याकडे सगळा देश रागानं पाहत होता, तो नेचा होता. न्यूझीलंडच्या ओल्या रानातला वृक्षनेचा, वरून हिरवा आणि पोटाशी रुपेरी. म्हणजे तिथंही पान उलटंच काढलेलं आहे. सह्याद्रीतही एक छोटा रुपेरी नेचा आहे. त्याच्या पानाच्या पोटाला पांढरी भुकटी असते, आणि डोंगरातली पोरं ते पान मनगटावर ठेवून थापटी मारतात, की कातडीवर चांदीचा नक्षीदार ठसा उमटतो. आपण त्याला शर्टावर चढवलं नाही. पोरांच्या हातावर ठेवलं, तेही संध्याकाळी आंघोळ करेपर्यंत.

दादांच्या शेताशेजारची ती विहीर अजून आहे. मोट गेली, इंजिन गेलं, मोटर आली, आणि आता बांधावर बोअर झालं आहे. पाणी खाली गेल्यानं दक्षिणेच्या भिंतीचा पाझर उन्हाळ्यात आटतो आणि झुपके दोन हात खाली सरकले आहेत. डोंगराचा ओला भाग तेवढा उतरला म्हणायचा. नव्या विहिरींना सिमेंटच्या कड्या बसतात, गुळगुळीत, एकही सांधा नसलेल्या. त्यांत पारवा बसत नाही आणि बीजुकाला टेकायला जागा नाही. बोअरमध्ये तर उजेडच नाही. काकूंच्या सुनेनं परवा बाजारातून कुंडीतला एक परदेशी नेचा आणला, चांगले पैसे मोजून, आणि तो महिनाभरात वाळला. विहिरीतल्याला कुणी पाणी घालत नाही म्हणून तो आहे.

तेव्हा तुमच्या शेतात, वाड्यामागं, देवळाजवळ जुनी चुन्याची विहीर उरली असेल आणि तिची डागडुजी काढली असेल, तर गवंड्याला सांगून दक्षिणेच्या भिंतीचे चार सांधे तेवढे उघडे ठेवा. श्रावणात एकदा कठडा धरून, खरंच धरून, आत डोकवा. हाताला येईल ते पान तोडू नका, नुसतं उलटा आणि कड पाहा. काठाला तपकिरी दुमड दिसली तर तो हंसराज आहे. फवारू नका.